पाहुण्याची वाक्यं

नाटकात पीएच.डी. करतेय असं सांगितलं की सुरतेतल्या बमरोलीत लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "मग सिरियलमध्ये कधी दिसणार?" धनश्रीनं पहिली दोन वर्षं समजावून पाहिलं. तिसऱ्या वर्षापासून ती सरळ "दिवाळीनंतर" असं सांगू लागली. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि तिची रिक्षा चुकायची नाही. फक्त शेजारच्या शोभाबाई चिवट. दर दिवाळीनंतर त्या टीव्ही लावून बसायच्या आणि आठवडाभरानं येऊन सांगायच्या, "दिसली नाहीस गं कुठं."

सकाळी ती एका मराठी शाळेत शिकवायची, दुपारी विद्यापीठात जायची आणि संध्याकाळी घरी येऊन टिपणं काढायची. विषयाचं नाव लांबलचक होतं: सुरतेतल्या खान्देशी यंत्रमाग कामगारांची हौशी रंगभूमी. मार्गदर्शक पारुलबेन गुजराती होत्या. बाई कडक, पण मनानं लोण्यासारखी. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, की साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, बारा बारा तास उभे राहणारे लोक नाटक करायचे कधी? धनश्रीनं छातीठोकपणे उत्तर दिलं, "साच्यावरच करायचे, बेन." आणि मग हे कसं, ते सांगायला तिला तीन वर्षं लागली.

खरं कारण तिनं अर्जात लिहिलं नव्हतं. ते असं, की तिला तिच्या वडिलांचा आवाज आठवत नव्हता.

आबा, म्हणजे गजेंद्र, गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. सन दोन हजार. आबांचं बाकी सगळं तिला आठवायचं. अंगाला येणारा सुताच्या खळीचा वास, भुवयांवर बसलेला पांढरा कापूस, जेवताना ताट मांडीवर घ्यायची सवय. दाढी करताना ते दाराजवळच्या आरशासमोर उभे राहायचे आणि फेसातून त्यांचे ओठ हलत असायचे. नाटकातली वाक्यं. ती त्यांच्या कमरेशी उभी राहून आरशाच्या खालच्या कोपऱ्यात बघत तसेच ओठ हलवायची, आणि मग ते हसायचे. हसताना आवाज झालाच असेल. पण आठवणीत सगळं मुकं होतं. घरात एक लग्नाचा फोटो होता, तोही मुकाच. त्या काळी कोणाच्या खिशात फोन होता आवाज भरून ठेवायला?

आबांचं काम ज्या नाटकात होतं, ते नाटक मिळालं तर निदान ते काय बोलायचे एवढं तरी कळेल. आवाज नाही तर नाही, शब्द तरी. आठ वर्षांच्या पोरीनं मागितलं असतं तसंच हे मागणं होतं, आणि त्यावर तिनं चारशे पानांचा प्रबंध उभा केला होता.

आईला विचारून उपयोग नव्हता. उज्ज्वलाबाई आबांच्याच कारखान्यात बॉबीन भरायच्या. नाटकाचा विषय निघाला की त्या उठून कुकर लावायच्या, मग दुपारचे चार का वाजलेले असेनात.

तेव्हा ती आबांबरोबर साच्यावर काम केलेल्या भिकनआप्पांकडे गेली. अडुसष्टचे आप्पा एका अपार्टमेंटच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. पदवी चौकीदाराची, काम येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करण्याचं. नाटकात ते पोलीसपाटील व्हायचे.

"नाटक लिहिलं कोणी, आप्पा?"

"लिहिलं कुठं? आमच्यातले निम्मे अंगठेबहाद्दर. कागद वाचणार कोण?" आप्पा म्हणाले. "चोवीस साचे एकदम चालू झाले ना बेटा, की शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी ऐकू जात नाही. मग आम्ही ओठ वाचायचो. शेठ आला, धागा तुटला, चहा सांग, सगळं ओठांवर. तुझा बाप तिकडून एक वाक्य बोलायचा, मी इकडून जबाब द्यायचो. मध्ये सहा साचे. आवाज कोणाचाच नाही. आखाजीला कारखाना बंद असायचा, त्या दिवशी मांडवात उभं राहून आम्ही पहिल्यांदा तेच मोठ्यानं बोलायचो. आपलाच आवाज ऐकून आपणच दचकायचो."

धनश्रीच्या हातातली वही तशीच राहिली. असलं काही तिनं कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

आणखी एक रीत होती. कोणी गावी परत चाललं किंवा दुसऱ्या मिलमध्ये लागलं, तर जाण्याआधी त्यानं आपले ओठ द्यायचे. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे. एकानं वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं त्याच्या बरोबरीनं ओठ हलवायचे, अगदी त्याच वेळी, मागून नाही. तीन दिवस असं. चौथ्या दिवसापासून देणाऱ्यानं ती वाक्यं पुन्हा तोंडात आणायची नाहीत. दिलं ते दिलं.

"आणि आबांनी कोणाला दिले?"

आप्पांनी फाटकातून आत शिरणाऱ्या स्कूटरकडे उगाच बघून घेतलं. "त्याला वेळ कुठं मिळाला? कावीळ झाली, आठ दिवसांत गेला. म्हणून तर नाटक बंद पडलं."

"दुसऱ्या कोणी नवी वाक्यं करून नसती का घेतली?"

"पाहुणा त्याचा होता," आप्पा एवढंच म्हणाले. मेलेल्याच्या चपला घालू का, असं कोणी विचारावं, तसे ते तिच्याकडे बघत होते.

नाटकाचं नाव 'बारा वर्सांचा पाहुणा'. गोष्ट साधी होती. खान्देशातल्या एका गावात आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस. घरोघर मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची, पुरणपोळी-रसाचा घास अग्नीवर टाकायचा, तो दिवस. एका घरी मुलाच्या नावानं घागर भरली जातेय. मुलगा बारा वर्षांपूर्वी सुरतेला गेला, ना पत्र ना निरोप, म्हणून मेला असं धरलेलं. आणि ऐन घास टाकायच्या वेळी तोच दारात उभा! मग पोलीसपाटील, भाऊ, म्हातारी आई असे एकेक जण त्याला दाराबाहेरच अडवून प्रश्न विचारतात, आणि तो जी उत्तरं देतो त्यानं मांडव हसून हसून लोळतो. बायको आत आहे, ती दिसत नाही. शेवटी पाहुणा काहीतरी बोलतो आणि पडदा पडतो. ते शेवटचं काय, हे कोणालाच आठवत नव्हतं. त्या वेळी बाकीचे पडद्यामागे जाऊन दोऱ्या धरून उभे असायचे.

हा पाहुणा म्हणजे गजेंद्र.

धनश्रीनं एकेकाला गाठलं. भिकनआप्पा बमरोलीत. भावाचं काम करणारे हेमराजकाका पलसाण्यात, रंगाच्या कारखान्यामागच्या खोलीत. शेजाऱ्याचं काम करणारे बन्सीलाल पारोळ्याला परत गेले होते, तिकडेही ती जाऊन आली. प्रत्येकाला उभं करून, समोर कॅमेरा लावून, तिनं त्याचं त्याचं काम करून घेतलं. म्हातारे सुरुवातीला लाजायचे. मग एकदा वाक्य तोंडात आलं की पाठ ताठ व्हायची आणि पंचवीस वर्षं गळून पडायची. हेमराजकाकांना तर गुडघ्यांनी वर्षभर उठू दिलं नव्हतं, ते अर्धा तास उभे राहिले. बघताना धनश्रीला वाटायचं, आपण हा विषय घेतला हे फार चांगलं केलं.

पाहुण्याच्या वाक्याची वेळ आली की सगळे गप्प राहायचे. तेवढी जागा सोडायचे आणि पुढचं बोलायचे. पारुलबेन म्हणाल्या, ठीक आहे, त्या जागा रिकाम्या दाखव, पण मग संहिता अपुरी, आणि अपुऱ्या संहितेवर अख्खं तिसरं प्रकरण उभं राहणार नाही. जूनपर्यंत बघ.

चैत्रातल्या एका दुपारी ती सगळी चित्रणं संगणकावर एकाखाली एक लावून बसली. पहिल्या प्रश्नानंतर भिकनआप्पा अकरा सेकंद गप्प होते. हेमराजकाका अकरा सेकंद. बन्सीलाल अकरा. दुसरी जागा चार सेकंदांची, तिघांचीही. तिसरी सतरा.

यात नवल नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. वर्षानुवर्षं एकाच माणसाबरोबर काम केलं की लय अंगात मुरते. तबलजीला विचारा.

मग तिनं आवाज बंद केला आणि नुसते चेहरे बघितले. सतरा सेकंदांच्या जागेत बाराव्या सेकंदाला आप्पा हसले. हेमराजकाका हसले. बन्सीलालनी तोंडावर पंचा धरला. आणि त्यानंतर तिघांनीही उजवा पाय मागे घेऊन अंग चोरलं, अरुंद बोळात कोणाला वाट द्यावी तसं. हेमराज आणि बन्सीलाल वीस वर्षांत एकमेकांना भेटले नव्हते.

हीसुद्धा सवयच, असं तिनं लिहून ठेवलं. नाटकात पाहुणा त्या जागी पुढे येत असणार. पण एक गोष्ट तिनं लिहिली नाही. जागा सुटली की तिघांची नजर एकाच ठिकाणी जायची. कॅमेऱ्याच्या थोडी डावीकडे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर. तिथं दर वेळी धनश्री स्वतः वही घेऊन बसलेली होती. म्हातारी माणसं, ओळखीच्या चेहऱ्याकडे बघणारच.

आता एकच उरलं होतं. पाहुण्याच्या आईचं काम करणाऱ्या प्रमिलाबाई. त्या कडोदऱ्याला मुलाकडे राहायच्या. सव्वीस वर्षं साच्यांजवळ काढल्यानं कानानं ठार बहिऱ्या झाल्या होत्या. त्यांची सून रुपाली फोनवर म्हणाली, "आखाजीला या ताई. घरी सगळे असतील, आत्याबाई पण त्या दिवशी खुशीत असतात."

आखाजीच्या दुपारी धनश्री तिसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा खाली हायवेवर ट्रकांची रांग लागली होती आणि खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. कोपऱ्यात घागर मांडलेली, वर खरबूज आणि सांजोऱ्या. रुपालीनं आल्या आल्या रसाची वाटी हातात दिली. प्रमिलाबाई पलंगावर बसल्या होत्या. सुरकुतलेल्या चेहऱ्यात डोळे मात्र चिमणीसारखे चपळ.

"ये वं आंडेर, बठ," लेकीला म्हणावं तसं त्या म्हणाल्या. "गजेंद्रनी पोर ना तू? दिसस."

समोरच्या खुर्चीवर धनश्री बसली. कॅमेरा लावला, म्हाताऱ्या बाईवर रोखला, वही मांडीवर घेतली. ऐकू येत नसलं तरी प्रमिलाबाईंना सगळं कळत होतं. ओठ बघून त्या फटाफट उत्तर द्यायच्या. रुपाली म्हणालीसुद्धा, की आमच्या घरात आत्याबाईंच्या पाठीमागेच काय ते बोलता येतं.

त्यांनी काम सुरू केलं. नावाची घागर भरलेल्या मुलाला आई दारात विचारते, की बाबा, तू खरा असशील तर सांग, तुझ्या पायाला लहानपणी काय लागलं होतं?

आणि आता जागा सुटणार म्हणून धनश्रीनं घड्याळाकडे बघितलं.

जागा सुटली नाही. प्रमिलाबाई पुढे बोलल्या, पण आवाज बदलून. बसची पाटी वाचावी तसा सपाट आवाज. "पायले काय लागनं ते माले काय इचारस, माय? कुऱ्हाड तूच फेकी व्हती. मना बापवर. तो वाकना."

धनश्री आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आबांचं वाक्य! बाईंना आठवत होतं! चोवीस वर्षं ज्यासाठी थांबली ते असं रसाची वाटी हातात असताना, ट्रकांच्या भोंग्यात, सहज पुढ्यात येऊन पडलं होतं. तिनं भराभर लिहून घेतलं.

दुसरी जागा. चार सेकंदांचं वाक्य, तेही मिळालं. तिसरी जागा. बारा सेकंदांनंतर धनश्री हसली, कारण तिथं खरोखरच हसू येण्यासारखं होतं.

मग प्रमिलाबाई थांबल्या. कपाळाला आठ्या घालून पुढे झुकल्या. "काय? फिरी सांग."

"मी काही बोलले नाही, आजी."

"तुले नही." त्यांनी हात झटकला, पुन्हा टक लावून बघितलं आणि मान डोलावली. "हां. आते समजनं." आणि पुढचं वाक्य सांगितलं.

धनश्रीची लेखणी अडली. ज्याला आठवत असतं तो 'पुन्हा सांग' म्हणत नाही.

तिनं हळूच मागे वळून बघितलं. भिंत होती. भिंतीला लागून फ्रिज, फ्रिजवर एका साडीच्या दुकानाचं कॅलेंडर. रुपाली स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तिची पाठ दिसत होती.

"तथा काय देखस?" प्रमिलाबाई वैतागून म्हणाल्या. "तोंड इकडे कर. तू तोंड फिरावस ना, की माले काहीच दिसत नही."

धनश्रीनं तोंड वळवलं.

तिनं डावा हात उचलून तोंडावर ठेवला.

बोटांखाली ओठ हलत होते.

ओठ थांबेनात. ती ते हलवत नव्हती आणि थांबवूही शकत नव्हती, श्वासही वेगळाच चालला होता, खोल आणि सावकाश. प्रमिलाबाई समजुतीनं तिच्याकडे बघत होत्या.

"हात काढ, बाई. थोडंच ऱ्हायनं."

खुर्चीवरून उठून जाता आलं असतं. कॅमेरा बंद करता आला असता. पण अजून एक वाक्य बाकी होतं, ते शेवटचं, जे कोणालाच ठाऊक नव्हतं. आबांचं.

धनश्रीनं हात काढला.

प्रमिलाबाई एकेक शब्द टिपून सांगू लागल्या. "मी आठे राहाले नही ऊनू, माय. हिले लेवाले ऊनू. सुरतमा खोली लिधी."

मी इथं राहायला नाही आलो. हिला न्यायला आलोय. सुरतेत खोली घेतलीय.

लिहिताना धनश्रीला हुंदका आला. या वाक्यावर मांडव रडत असणार, हे तिला कळलं. तिथं बसलेला प्रत्येक जण असाच एकटा आलेला होता. आठ जणांत एका खोलीत झोपलेला, पाळीनं अंथरूण वापरलेला, आणि मग एका आखाजीला गावी जाऊन दारात उभं राहून हेच म्हणालेला. उज्ज्वलेला गजेंद्रनं असंच आणलं होतं. बमरोलीतले सगळे संसार त्या एका वाक्यानं सुरू झाले होते.

"सरनं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग पुन्हा वर बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या क्षणभर धनश्रीच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि घाईनं त्यांनी मान खिडकीकडे वळवली, दुसऱ्याचं पत्र चुकून हातात पडावं तशी.

"आबा काय म्हणतायत?" धनश्रीनं विचारलं. बाई बघतच नव्हत्या. तिनं त्यांचा हात हलवला.

"हाई माले नही सांगी ऱ्हायना तो," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. निघताना रुपालीनं बांधून दिलेल्या सांजोऱ्याही त्यांनी तोंड फिरवूनच तिच्या पिशवीत टाकल्या.

शिकलेल्या माणसाला समजूत घालून घ्यायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात धनश्रीनं त्यावर दोन पानं लिहिली. लहानपणी ती आरशात बघून वडिलांच्या बरोबरीनं ओठ हलवायची. म्हणजे रीतीप्रमाणे ते दिलेच गेले होते, देणाऱ्याला आणि घेणारीला न कळता. देहाची स्मृती मनापेक्षा जास्त टिकते. पारुलबेनना ती दोन पानं इतकी आवडली, की त्यांनी त्यांचं वेगळं प्रकरणच करायला लावलं. संहिता पूर्ण झाली. आबांची एकूण एकवीस वाक्यं. धनश्री ती झोपायच्या आधी वाचायची आणि तिला बरं वाटायचं. इतकी वर्षं मुका असलेला माणूस निदान कागदावर तरी बोलत होता. चेष्टेखोर होते आबा, हे तिला त्यातूनच कळलं.

जुलैत पारुलबेनशी ऑनलाइन बैठक होती. त्या संदर्भसूचीतल्या चुका सांगत होत्या, धनश्री ऐकत होती. मध्येच बेन थांबल्या. "धनश्री, तारो अवाज नथी आवतो. म्यूट पर छे तुं?"

"नाही बेन, मी बोलतच नाहीये."

"हमणां तो बोलती हती. क्यारनी बोले छे." कधीची बोलतेयस, असं बेन म्हणत होत्या.

पडद्याच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा छोटा चौकोन होता. तिनं तिकडे बघितलं आणि कॅमेरा बंद केला. नेटवर्क खराब आहे म्हणून सांगितलं.

तेव्हापासून ती बाहेर ओढणी तोंडाला गुंडाळून जाऊ लागली. सुरतेत त्याचं कोणाला काही वाटत नाही, स्कूटरवरच्या सगळ्याच मुली तशा जातात. शाळेत मुलांना निबंध द्यायचा आणि खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. नाटक संपलं होतं, एकवीस वाक्यं लिहून झाली होती, मग आता हे काय बोलणं चाललं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. ती कारखान्यात कधी उभीच राहिली नव्हती.

ऑगस्टात प्रबंधाच्या चार प्रती बांधून आल्या. तिनं त्या पलंगावर ठेवल्या आणि दमून समोर भिंतीला टेकून बसली. दुपारची वेळ. उज्ज्वलाबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. पुस्तकं बघून त्यांना आनंद झाला होता, एका प्रतीवर त्यांनी हळदीकुंकूही लावलं होतं. धनश्रीला वाटलं, आता आईला वाचून दाखवावं. आबांची वाक्यं तिलाही मिळायला हवीत.

उज्ज्वलाबाईंनी सहज मान वर केली, आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

बराच वेळ त्या बघत होत्या. मग त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि खांद्यावरचा पदर सावकाश डोक्यावरून घेतला. गेल्या चोवीस वर्षांत घरात त्यांनी डोक्यावर पदर घेतला नव्हता.

"हां, लिधी गोळी. सकायलेच," त्या म्हणाल्या.

धनश्रीशी आई अहिराणीत कधीच बोलली नव्हती. शाळेत पोरं हसतील म्हणून ती तिच्याशी मराठीच बोलायची.

"आई?"

आईचं तिच्या आवाजाकडे लक्ष नव्हतं. तिची नजर ओठांवर होती आणि ती हसत होती. इतकी सुंदर हसताना धनश्रीनं तिला लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. तोंडावर हात ठेवावा, उठून मोरीत जाऊन दार लावून घ्यावं, असं धनश्रीच्या मनात आलं. पण आई इतक्या वर्षांनी कोणाशी तरी बोलत होती. तिच्यानं हात उचलवेना.

"इतला दिन कोठे व्हतात तुम्ही?" आईनं विचारलं, आणि वाट बघत राहिली.

उत्तर बरंच लांब असावं. आई मध्ये मध्ये मान हलवत होती. एकदा तिनं पदरानं डोळे टिपले. एकदा लाजून खाली बघितलं.

"येस ना," ती शेवटी म्हणाली. "नही कसाले म्हणू? पन पोरनं पुस्तक जमा व्हई जाऊ द्या. तितलं देखी लेस, मंग येस मी."

पोरीचं पुस्तक जमा झालेलं तेवढं बघून घेते, मग येते मी.

आणि ताट पुढे ओढून पुन्हा तांदूळ निवडू लागली.

याला आता दीड वर्ष झालं. पारुलबेननी हात टेकले. प्रती बांधून तयार आहेत, फक्त नेऊन द्यायच्या, तर ही मुलगी मुदतवाढीचा दुसरा अर्ज करते, म्हणे एक तळटीप राहिलीय. शोभाबाई सगळ्या चाळीला सांगतात, की पोरीनं उगाच इतकी वर्षं घालवली, शेवटी झालं काहीच नाही. धनश्री ऐकून घेते. चारी प्रती कपाटावर गोधडीखाली आहेत.

आईची तब्येत उत्तम आहे. जेवते, देवळात जाते, सगळ्यांशी बोलते. फक्त रोज दुपारी धनश्रीच्या समोर येऊन बसते आणि मराठीत विचारते, "जमा झालं का गं पुस्तक?"

"नाही अजून," धनश्री म्हणते.

आई धनश्रीचे ओठ हलायचे थांबेपर्यंत बघत राहते. हल्ली पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मग डोक्यावरचा पदर सारखा करते आणि हळूच म्हणते, "व्हई, व्हई. घाई नका करा."